‘पिल्लं आपोआप दांडीवर बसतात’ म्हणणारं खुराडं: अकरा रात्रींनंतर

तीन तारे. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर एकच दिला असता.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. लाकडी खुराडं, सुट्या भागांत येतं, आपण जोडायचं. आत बसायच्या दोन दांड्या, मागच्या अंगाला ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे, एका बाजूला अंड्यांसाठी तीन घरटी, उजेड कमी झाला की स्वतःहून खाली येणारं दार आणि छताला आतून चिकटवायची दिव्याची पट्टी. बाहेर जोडलेला जाळीचा छोटा मांडव. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत दोन दावे आहेत: ‘१२ कोंबड्यांसाठी’ आणि ‘पिल्लं पहिल्या रात्रीपासून आपोआप दांडीवर’. माझी पिल्लं नऊ. जागा पुरून उरेल असं धरून घेतलं.

माझा धंदा शिवणकामाचा, त्यामुळे टेप कायम गळ्यात आणि मापांची वही हाताशी. या वहीतच एका पानावर मी रोज रात्री आणि पहाटे मांडत गेले: दांडीवर किती, घरट्यात किती, जमिनीवर किती. खाली जे आकडे येतील ते त्याच पानावरचे आहेत.

माझी चूकही सांगून टाकते, नाहीतर सगळं खापर खुराड्यावर फुटायचं. पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत घरात मोठ्या खोक्यात होती, वर उबेचा दिवा. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, हे सगळं मी नेमाने केलं. पण दिवा रात्रभर चालू. म्हणजे या पिल्लांनी जन्मात अंधार पाहिलेला नव्हता. आणि खोक्यात चढायला काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की चार बोटं उंचीची काठीसुद्धा त्यांना पुरते. उड्या मारतात, पडतात, पुन्हा चढतात. लहानपणी अशी चढ-उतार झालेली कोंबडी पुढे उंचीचा अंदाज नीट घेते आणि जमिनीवर अंडी कमी घालते. आईच्या पंखाखाली वाढलेली पिल्लं तर तिच्या मागोमाग वर चढायला शिकतातच. माझ्या पिल्लांना ना आई, ना काठी. त्यांना थेट खुराड्यात टाकून ‘बसा आता वर’ म्हणणं म्हणजे सुई न धरलेल्या मुलीला ब्लाउज कापायला देण्यासारखं झालं.

तरी खोक्यावर ‘आपोआप’ असं लिहिलंय, आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

पहिल्या रात्री दांडीवर शून्य. नऊच्या नऊ एका कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर चढून. लांबून गोड दिसतं, पण मी हात घालून पाहिलं तर सर्वांत खालचं पिल्लू घामेजल्यासारखं गरम लागलं आणि चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. घाबरलेली पिल्लं अशी ढीग करतात, आणि ढिगाखालचं गुदमरून मरू शकतं. मी एकेक वेगळं केलं. पाठ फिरवली की पुन्हा ढीग. रात्री दोनपर्यंत हेच.

तोच कोपरा का, हे दुसऱ्या रात्री कळलं. मी रात्री उशिरापर्यंत मशीनवर असते. माझ्या खिडकीतला उजेड खुराड्याच्या फटीतून नेमका त्या कोपऱ्यात पडत होता. कोंबडीला अंधारात जवळपास काही दिसत नाही. जिथे थोडा उजेड, तिथे ती जाणार. मी खिडकीला जाड पडदा लावला. त्याचा परिणाम असा, की दुसऱ्या रात्री ढीग कोपऱ्यातून उठून घरट्यात गेला. सात घरट्यांत, दोन खाली, दांडीवर पुन्हा शून्य.

मग मी टेप काढला.

दांड्यांची उंची जमिनीपासून २५ सेंमी. घरट्यांचा तळ जमिनीपासून ३० सेंमी. इथेच सगळं फसलं होतं. रात्र पडू लागली की कोंबडी सापडेल त्या उंच जागी जाऊन बसते. तिचा मूळ पूर्वज रानकोंबडा, तो रात्री झाडावर असतो. घरटं दांडीपेक्षा उंच ठेवलंत तर ती घरट्यात झोपणार, आणि तिने चूक केली असं म्हणायची सोयच नाही. शिवाय दिवसभरातली निम्म्याच्या आसपास विष्ठा रात्री बसल्या जागी पडते. ती घरट्यात पडली की पुढे अंडी त्याच चिखलात. आराखडा काढणाऱ्याने कोंबडी बहुधा फक्त चित्रात पाहिली असावी.

दुसरं माप लांबीचं. आतली दांडी ११० सेंमी. दोन दांड्या मिळून २२०. बारा कोंबड्यांना वाटले तर प्रत्येकी १८ सेंमीच्या वर जातात, म्हणजे कागदावर ठीक. युरोपीय संघाच्या १९९९ च्या नियमावलीत अंड्यांच्या कोंबड्यांसाठी दर कोंबडीमागे किमान १५ सेंमी दांडी सांगितली आहे. पण त्याच नियमात पुढे असंही आहे, की दोन दांड्यांत आडवं अंतर किमान ३० सेंमी हवं आणि दांडी भिंतीपासून किमान २० सेंमी हवी. या खुराड्यात मागची दांडी भिंतीपासून १२ सेंमीवर आणि दोन दांड्यांमध्ये अंतर १८. मागे बसणारीची शेपटी भिंतीला टेकते, आणि पुढे बसणारीची शेपटी मागचीच्या तोंडात. अंगात एक इंच कमी कापलेला झगा असतो तसं: हँगरवर सुंदर, घातला की श्वास घेता येत नाही.

एवढं दाटीवाटीने का बसवलं असेल? ट्रे बघितला आणि उत्तर मिळालं. ट्रे मागच्या ४० सेंमीतच आहे. दोन्ही दांड्यांखालची घाण ट्रेमध्ये पडावी म्हणून दांड्या मागे कोंबल्या. साफ करणाऱ्याची सोय पाहिली, झोपणारीची नाही.

तिसरं माप जाडीचं. दांडी अडीच सेंमीची चौकोनी पट्टी, कडा धारदार, वरून चकचकीत वार्निश. आता कोंबडी दांडीवर बसते म्हणजे काय करते ते सांगते, कारण हे कळल्यावर माझा राग निम्मा झाला आणि उरलेला दुप्पट झाला. ती बसली, पाय दुमडला, की पायामागून जाणाऱ्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात आणि बोटं आपसूक मिटतात. पिशवीची नाडी ओढली की तोंड आवळतं, अगदी तसं. झोपेतही पकड सुटत नाही ती याचमुळे. पण पकडायला धरण्याजोगं काही पाहिजे. वार्निशवर बोटं सरकतात. धारदार कडेवर तळवा दुखावतो, आणि सगळा भार अरुंद पट्टीवर टेकला की छातीच्या हाडावर दाब येतो, ते हाड वाकडं होऊ शकतं. चार-पाच सेंमी रुंद, कडा गोलावलेली, साधी खरखरीत लाकडी दांडी हवी.

चौथं म्हणजे दिव्याची पट्टी, जिला माहितीपत्रकात ‘शिकवणी दिवा’ असं नाव आहे. कल्पना वाईट नाही. संध्याकाळी बाहेर अंधारू लागलं आणि आत मंद उजेड असला तर पिल्लं आत येतात, दांडी त्यांना दिसते, चढतात. पण हा दिवा पांढराफटक, कपड्यांच्या दुकानातल्यासारखा, आणि ठरल्या वेळी एकदम बंद. सूर्य असा विझतो का? उजेड हळूहळू कमी होत गेला तर पिल्लं जागा शोधतात, कुरकुरतात, स्थिरावतात. इथे दोन पिल्लं उडी मारायच्या तयारीत असताना ठप्प अंधार झाला, एक भिंतीवर आपटलं आणि दुसरं जागच्या जागी दगड होऊन बसलं. मी पट्टीवर जुन्या मलमलीचे दोन थर टाचले. उजेड पिवळसर, मऊ झाला आणि बराचसा दांडीवरच पडू लागला. (ही पट्टी गरम होत नाही म्हणून चाललं. उबेच्या दिव्यावर कापड कधीही टाकू नका, आग लागेल.)

तिसऱ्या दिवशी घरट्यांची तोंडं जाड पुठ्ठ्याने बंद केली. अंडी सुरू व्हायला अजून तीन-साडेतीन महिने होते, तोवर घरटी उघडी ठेवायचं कारणच काय? माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. पहिला आठवडाभर पिल्लांना खुराडं आणि मांडव सोडून बाहेर काढू नका, म्हणजे हेच आपलं घर हे त्यांच्या डोक्यात बसतं, हेही नाही. जोडणीचे एकवीस टप्पे चित्रांसकट आहेत. कोंबडीबद्दल तीन ओळी, त्यातली एक ‘अभिनंदन’.

चौथ्या रात्रीपासून हाताने बसवायला सुरुवात केली. ही खरी शिकवणी. पद्धत अशी: पूर्ण अंधार पडू द्यायचा. पिल्लं खाली गठ्ठा करून पेंगुळली की टॉर्चवर फडकं धरून आत जायचं. एकेकाला दोन्ही हातांत घ्यायचं, पंख अंगाशी धरलेले, छातीखाली बोटं. दांडीच्या समोर आणायचं, पाय दांडीला टेकवायचे आणि थांबायचं. घाईने सोडलं तर ते खाली. पाय टेकले, बोटं मिटली, अंग जड झालं की हात काढायचा. शेजारी लगेच दुसरं. दोघांची अंगं चिकटली की पहिलं उडी मारत नाही. ऊब मिळते, आणि ढिगाची सवय असलेल्याला बाजूला कोणीतरी लागतंच. टोकाचं पिल्लू सगळ्यात आधी उतरतं, म्हणून टोकाला अंगाने थोराड असलेलं ठेवायचं.

आमचे हे टॉर्च धरून उभे. ‘तू कोंबड्या पाळतेस की अंगाई गातेस?’ असं विचारून झालं. पण उभे राहिले, अकराही रात्री, हे लिहिलं पाहिजे.

चौथ्या रात्री नऊ वर बसवली, पहाटे वर दोन. पाचव्या रात्री पहाटे तीन. सहाव्याला पुन्हा तीन. इथे मी वैतागले. घसरणाऱ्या दांडीवर मी त्यांना बसवत होते आणि ती रात्रभर घसरत होती.

सातव्या दिवशी सुताराकडून दांड्या आणल्या. पाच सेंमी रुंद, न रंगवलेल्या, कडा मी स्वतः पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. आधी पायरी-पायरीने बसवल्या: पुढची ३५ सेंमीवर, मागची ६० वर. वाटलं, शिडीसारखं होईल, खालच्यावरून वरच्यावर जातील. चढली बरोबर, पण मग नऊच्या नऊंना वरचीच हवी. मोठ्या झाल्यावर प्रत्येकीला २० सेंमी धरले तर नऊ जणींना १८० हवेत, दांडी ११०. संध्याकाळभर धक्काबुक्की, चोची, आणि सगळ्यात गरीब पिल्लू जमिनीवर. दुसऱ्याच दिवशी दोन्ही दांड्या ६० सेंमीवर, एकाच उंचीला घेतल्या. भिंतीपासून २२ सेंमी, दोघींत ३२. वर जायला तिरपी फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. वरची-खालची असा प्रश्नच राहिला नाही. भांडणं आहेत, पण ती आता खिडकीच्या जागेवरून होतात तशी.

या नव्या मांडणीतली पहिली रात्र, म्हणजे आठवी: मी हात लावायच्या आधीच पाच वर गेलेली. मी दारात उभी राहून पाहिलं. एक पिल्लू फळीच्या तोंडाशी पाच मिनिटं मान वरखाली करत होतं, अंतर मोजत असल्यासारखं. मग गेलं. माझ्या व्यवसायात त्याला कापडावर कात्री ठेवण्याआधीची पाच मिनिटं म्हणतात. नवव्या रात्री सहा, दहाव्या रात्री सात, अकराव्या रात्री आठ, स्वतःहून. उरलेल्या एकाला आणखी चार रात्री उचलून ठेवावं लागलं. ते पुढे आरवायला लागलं, तो वेगळा प्रश्न.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. प्रत्येक कोंबडीला उंच दांडी झेपत नाही. जड जातीच्यांना ४०-४५ सेंमी पुरे, नाहीतर पहाटे धप्पकन उतरताना पायाला इजा होते. आणि रेशमी पिसांच्या सिल्की जातीला धड उडता येत नाही, कारण तिच्या पिसांचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे पंखाचा पडदा बनत नाही. ती जमिनीवर गठ्ठा करून झोपली तर झोपू द्या, खाली कोरडा तूस घाला. कोरडा असणं महत्त्वाचं. ओल्या बिछायतीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि जमिनीवर झोपणाऱ्या पिल्लांना आधी गाठतात.

आता दाराबद्दल. उजेड मोजून बंद होतं, मोठ्या कोंबड्यांसाठी उत्तम. त्या काळोख पडायच्या आधी मुकाट आत जातात. पिल्लं शेवटच्या क्षणापर्यंत दारात घोटाळतात, एक पाय आत, एक बाहेर. एका ढगाळ संध्याकाळी दार वेळेआधीच बंद झालं आणि पाच पिल्लं बाहेर, पावसात, दाराला चिकटून. चिरडायला नको म्हणून अडथळा आला की दार थांबतं, ही सोय आहे आणि ती चालते. मी दोऱ्याच्या रिळावर तपासून पाहिली. पण बाहेर राहिलेल्यांसाठी दार पुन्हा उघडत नाही. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं की बटण पाच सेकंद दाबून ठेवलं तर दार घड्याळावर चालवता येतं. हे पत्रकात असतं तर बरं झालं असतं. आता सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतं, आणि पहिले तीन आठवडे मी बंद झाल्यावर जाऊन मोजत असे. तुम्हीही मोजा.

ट्रे मात्र खरंच चांगला. सरळ बाहेर येतो, कोपऱ्यात घाण अडकत नाही, दोन मिनिटांचं काम. दांड्या पुढे घेतल्यामुळे पुढच्या दांडीखालचं आता ट्रेबाहेर पडतं. तिथे मी जुन्या रेग्झिनचा तुकडा अंथरलाय. हवेची जाळीही योग्य जागी, छताखाली, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर. अमोनियाचा वास साठत नाही आणि थेट अंगावर वारा येत नाही. लाकूड जाड आहे, बिजागऱ्या कुरकुरत नाहीत.

मूळ दांड्यांची टोकं प्लास्टिकच्या टोप्यांत घट्ट ठोकलेली होती, ती काढताना एक टोपी फुटली. माझ्या दांड्या नुसत्या खाचेत ठेवलेल्या आहेत, उचलल्या की निघतात. याला कारण आहे. कोंबड्यांचे लाल माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक जीव, दिवसा अशाच फटींत, दांडीच्या टोकांशी लपतात, आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. रिकाम्या खुराड्यातही महिनोन्महिने उपाशी तग धरतात. नेमाने वर बसणाऱ्या कोंबड्या अचानक दांडी नाकारू लागल्या तर त्यांना रागवण्याआधी दांडी उचलून टोकं बघा. पांढऱ्या कापडाने पुसा, तांबडे ठिपके उमटले तर उत्तर मिळालं.

कोणी घ्यावं? ज्याच्याकडे पाना आहे, सुतार ओळखीचा आहे आणि पंधरा संध्याकाळी मोकळ्या आहेत त्याने. दांड्या आणि माहितीपत्रक फेकून द्यावं, बाकीचं खुराडं ठेवावं. बारा कोंबड्यांसाठी घेऊ नका, आठ-नऊपर्यंत ठीक. ‘आपोआप’ या शब्दाचा एक तारा मी कापलाय, घरट्यांच्या उंचीचा दुसरा.

परवा तलंगा (अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या) सतरा आठवड्यांच्या झाल्या, म्हणून घरट्यांचा पुठ्ठा काढला. रात्री टॉर्च घेऊन गेले, तर तिन्ही घरटी रिकामी आणि दोन्ही दांड्या भरलेल्या. मधल्या घरट्यात मात्र विष्ठेचा एक ताजा गोळा होता, म्हणजे दिवसा कुणीतरी आत जाऊन जागा बघून आली होती.